साल धरेपर्यंत

बेंगळुरूतल्या आमच्या चामराजपेटच्या घरात वेफर्सचं पाकीट येत नाही. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींच्या आयांना याचं नवल वाटतं, कारण मी वेफर्सच्याच कंपनीत नोकरी करतो. कुणी विचारलं तर बायको सांगते, ह्यांना तेलकट चालत नाही. साफ खोटं आहे. इथल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर उभ्या उभ्या मी चार मिरची भजी सहज संपवतो. पण वेफर्सचं पाकीट फोडल्याचा आवाज आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती समोर असेल त्याच्यावर निघते. बहुतेक वेळा समोर बायको असते. म्हणून पाकीट येत नाही.

माझं गाव बेळगावच्या पश्चिमेला, तांबड्या मातीतलं. पावसाळ्यात खालच्या वाफ्यांत भात आणि वरच्या माळावर बटाटा, हे ठरलेलं. बटाटा तयार झाला की नाही हे पानांवरून कळतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, पानांकडे फार बघत नसत. पाला पिवळा पडायला लागला की ते विळ्यानं तो कापून टाकत आणि बटाटे तसेच मातीखाली ठेवत. दहा-बारा दिवसांनी एका झाडाखालची माती हातानं उकरून एक बटाटा काढत, धोतराला पुसत, आणि त्यावर अंगठा दाबून घासत. साल सरकली, तर बटाटा परत मातीत. ‘धरली नाही अजून,’ एवढंच म्हणत. व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवत. मग माझा अंगठा धरून तेच माझ्याकडून करून घेत. साल धरलेला बटाटा अंगठ्याखाली कसा लागतो हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते माहीत नसल्यामुळे केलं असं कुणाला वाटू नये.

धारवाडला शेतकीची पदवी घेतली आणि बेंगळुरूला आलो. कंपनीचं ऑफिस इंदिरानगरमध्ये, काचेच्या इमारतीत, खाली कॉफीचं दुकान. तिथे बसणाऱ्यांपैकी कुणाच्या नखात माती नसते. बटाटा उतरवून घ्यायचं गेट मात्र शहराच्या पूर्वेला, होसकोटेच्या अलीकडे. माझं काम गेटच्या बाहेरचं. मोटारसायकलवरून गावागावात फिरायचं, शेतकऱ्यांना आमच्या जातीचं बियाणं लावायला तयार करायचं, लागवडीपासून काढणीपर्यंत काय करायचं ते सांगायचं, आणि माल आला की गेटवर हजर राहायचं. थोडक्यात, कंपनीचं म्हणणं शेतात पोचवायचं. शेतातलं म्हणणं कंपनीत पोचवायचं काम कुणाचं, ते अकरा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

अक्का मला होसकोटेच्या पलीकडच्या एका गावात भेटली. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मी बांधावर उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर मागे ही उभी.

“तू आमच्यातला की काय, तम्मा?” म्हणाली.

तिचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते तिलाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी, निम्मं कानडी मिसळलेलं. बाहेर सगळा व्यवहार कानडीत. त्या भागात कंपनीच्या माणसानं मराठीत बोलणं तिला इतकं अपूर्वाईचं वाटलं, की तिनं मला बसवून जोंधळ्याची भाकरी वाढली. त्या दिवसापासून मी तिचा तम्मा झालो, धाकटा भाऊ. बाकीच्यांना मी चार-चार वेळा जाऊन पटवत होतो. ही एकदा सांगितलं की ‘सरी’ म्हणायची, म्हणजे बरं. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्याची लाज वाटते.

तिची दोन एकर जमीन होती, विहिरीखालची. कागदावर ती दोघा दिरांची आणि तिची मिळून. शेजारच्या तिन्ही बाजूंच्या जमिनींत लेआउट पडलेले, पांढरे दगड रोवून प्लॉट पाडलेले. दिरांनाही विकायची होती. अक्काला नव्हती. आयुष्यभर तिनं त्या दोन एकरांत बटाटा, रताळं, नाचणी काढलेली. शेवटी घरात बसून ठरलं, की या हंगामात अक्कानं एकटीनं पीक घेऊन दाखवायचं. कंपनीनं माल उचलला, तर जमीन तिच्याकडे राहील. नाही उचलला, तर तिनंही लेआउटच्या कागदावर सही करायची. हे सगळं तिनं मला भाकरी वाढता वाढता सांगितलं.

“कंपनी उचलणार ना, तम्मा?”

“अक्का, मी आहे ना,” मी म्हणालो.

त्या हंगामात तिनं जे केलं ते माझ्या बाकीच्या साठ शेतकऱ्यांतल्या एकानं केलं नाही. ती जन्मभर बियाण्याचे काप करून लावत आलेली, प्रत्येक कापाला दोन डोळे ठेवून, राख लावून, दोन दिवस सावलीत सुकवून. मी सांगितलं, अख्खा लावायचा. अख्खा लावला. मातीची भर दोनदा घालायला सांगितली, तिनं तीनदा घातली, कारण एका पावसानं बटाटे उघडे पडून हिरवे होतील अशी तिला भीती होती. करप्याचे ठिपके दिसले त्या दिवशी तिनं मला सकाळी सहाला फोन केला आणि मी पोचेपर्यंत ठिपक्यांची पानं खुडून एका जुन्या भांड्यात जमा करून ठेवली होती. पीक असं आलं, की दुसऱ्या गावचे लोक बघायला यायचे. धाकटा दीर तर मला बांधावर गाठून म्हणाला, “अण्णा, वहिनी जिंकते की हो.” आणि हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

पाला कापला आणि चौथ्या दिवशी इंदिरानगरहून फोन आला.

आमचे सर पुण्याचे. माझ्याशी मराठीत बोलतात, म्हणजे क्रियापदं मराठीत असतात. “अरे, प्लँटमधली लाइन रिकामी जाणार आहे,” ते म्हणाले. “बाहेरचे ट्रक्स अडकलेत कुठेतरी. परवापर्यंत मला माल हवाय. तुझ्या एरियात जे रेडी आहे ते काढायला सांग.”

मी म्हणालो, “सर, पाला कापून चारच दिवस झालेत. साल धरलेली नाही. कच्चा बटाटा तळला की लाल होतो.”

“स्पेकमध्ये बसेल रे. मी बोललोय क्वालिटीशी. तू काय आजोबांच्या काळातलं सांगतोयस?”

आजोबांच्या नाही, आप्पांच्या. ते सांगायचं धाडस झालं नाही.

शेतात गेलो. अक्का म्हणाली, बघूया. तिनं उकिडवं बसून माती बाजूला केली, बटाटा काढला, पदराला पुसला आणि त्यावर अंगठा घासला. मी बघत राहिलो. हे तिला कुणी शिकवलं असेल, कधी शिकवलं असेल, काही ठाऊक नाही, पण तेच पुसणं, तोच अंगठा. साल ओल्या कागदासारखी सुटून आली.

“हे कच्चं हाय, तम्मा. स्वल्प दिवस र्‍हाऊ दे की.”

आणि मी, आप्पांच्या हाताखाली वाढलेला मी, तिला म्हणालो, “अंगठ्याचे दिवस गेले अक्का. आता मशीनवर कळतं सगळं. गाडी परवा येतेय. पुढची कधी मिळेल, मी सांगू शकत नाही.”

हे वाक्य मी मराठीत म्हणालो. कानडीत म्हणालो असतो तर कदाचित तिनं ऐकलं नसतं. तिनं सुटलेली साल बोटानं झटकली. मग म्हणाली, “सरी. तू सांगतोस तर काढते.” आणि हातातला बटाटा परत मातीत पुरला. पुढच्या दिवशी सकाळी बायका लावून सगळं रान काढायला घेतलं. बांधाकडची एक ओळ तेवढी तिनं ठेवली, घरी खायला म्हणून.

ट्रक गेटवर पोचला, आणि त्याच सकाळी अडकलेले बाहेरचे ट्रकही पोचले. सगळे एकदम. गेटपासून हमरस्त्यापर्यंत रांग. ज्या मालासाठी सर दोन दिवसांपूर्वी माझ्या कानात ओरडत होते, तो आता नकोसा झाला. अक्काचा ट्रक दोन दिवस रांगेत उभा राहिला, थंडीत, वर नुसती ताडपत्री. अक्का ट्रकबरोबर आली होती. पहिल्यांदाच कंपनी बघत होती. इस्त्रीची सुती साडी, डोक्यात नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच माळलेला अबोलीचा गजरा. दुपारी गजरा सुकला तरी तिनं काढला नाही.

आमच्याकडे गेटच्या बाजूला एक छोटी खोली आहे. प्रत्येक गाडीतून थोडे बटाटे घेऊन त्यांचे पातळ काप तिथे तळतात, आणि तळलेले काप रंगाच्या तक्त्याशेजारी ठेवून बघतात. फिकट आले तर गाडी आत. लाल आले तर परत. लाइन रिकामी असते तेव्हा त्या तक्त्याकडे कुणी फार वेळ बघत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, दहा वेळा. त्या दिवशी मात्र बाहेर तीस गाड्या उभ्या होत्या, आणि तक्ता अगदी चोख पाळला जात होता.

अक्काचे काप लाल आले. काठाला तर तपकिरी.

ती खिडकीबाहेर उभी राहून बघत होती. तिला वाटलं झालं, आता गाडी आत जाणार. तळणाऱ्या मुलीनं चाळणी बाजूला ठेवली तशी अक्कानं आत हात घालून एक काप उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला.

“चांगलं लागतंय की, तम्मा!” म्हणाली. “गोड हाय.”

गोड होताच. कच्च्या बटाट्यात साखर जास्त असते, म्हणून तो गोड लागतो, आणि म्हणूनच तळल्यावर लाल होतो. हे तिला तिथे उभं राहून समजावून सांगणं मला जमलं नाही. मी म्हणालो, जरा थांबा अक्का, आणि फोन लावायला आडबाजूला गेलो.

“रिजेक्ट कर,” सर म्हणाले.

“सर, आपणच काढायला लावलं.”

“ते मला माहितीये रे. पण स्लिपवर ‘कंपनीच्या सूचनेनुसार’ लिहिलंस ना, तर माल आपल्याला घ्यावा लागतो. आणि आज ठेवायला जागा नाहीये. ग्रोअरने मुदतीआधी काढणी केली, असं लिही. सिंपल.”

सिंपल! अजून तो शब्द माझ्या कानात आहे. मी त्या माणसाला काय काय बोलायला हवं होतं याची यादी मी गेली दोन वर्षं मोटारसायकलवर म्हणत असतो. सिग्नलला शेजारचे लोक वळून बघतात. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “ओके सर.” मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळी कारणं माझ्याजवळ होती, आणि ती कारणं प्रत्येकाजवळ असतात, आणि म्हणूनच असल्या सरांचं फावतं. स्लिप माझ्या अक्षरात आहे. इंग्रजीत. कारणाच्या रकान्यात दोन ओळी, खाली माझी सही. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

ट्रक तिथूनच मार्केट यार्डाकडे गेला. सालं निघालेले, काळे पडायला लागलेले बटाटे कुणी घेतले, कसे घेतले, मी विचारलं नाही. अक्का ट्रकमध्ये चढताना मला म्हणाली, “तू जेवलास का?” मी हो म्हणालो. तेही खोटं होतं.

आठवड्यानं तिचा फोन आला. “तम्मा, घरी येऊन जा. दीर बोलावतायत. गेटवरचा तो कागद वाचून दाखवायचा हाय म्हणे.”

वाचायला त्यांना माझी गरज नव्हती. थोरल्याचा मुलगा इंजिनिअर होता, त्यानं कधीच वाचला होता. पण त्यांना तो कंपनीच्या माणसाच्या तोंडून, वहिनीच्या समोर वाचून घ्यायचा होता. जाताना रस्ताभर मी ठरवत गेलो, की आज सांगून टाकायचं. काढणी मीच करायला लावली. तिनं नको म्हटलं होतं. तिच्या अंगठ्याला कळलं होतं. स्लिपवर मी खोटं लिहिलं. एवढी चार वाक्यं. फार तर नोकरी जाईल.

पडवीत दोघे दीर खुर्च्यांवर, अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी. थोरल्यानं स्लिप माझ्या हातात दिली. मी बघितली. माझंच अक्षर.

“शेतकऱ्यानं मुदतीआधी काढणी केली,” मी वाचलं. “त्यामुळे माल अपात्र.”

आणि थांबलो. ती चार वाक्यं इथे यायची होती. दोघे दीर माझ्याकडे बघत होते, आणि मी कागदाकडे बघत होतो.

“अण्णा, म्हणजे चूक कुणाची?” धाकट्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली. “माझी. माझीच घाई झाली. तम्मा थांबा म्हणत होता.”

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दिरांकडे बघत होती, सरळ, आवाज न चढवता. तिला वाटलं असणार, या पोराची नोकरी जाईल. जमीन जाणारच होती. मग दोघांचं कशाला जाऊ द्यायचं. एवढा हिशोब तिनं दाराला टेकल्या टेकल्या केला, आणि मी तो होऊ दिला. माझा सगळा संताप खरा तिथला आहे. सरांवरचा नंतरचा. सर तर सर आहेत, उद्या दुसरे येतील. पण त्या पडवीत मूग गिळून बसलेला माणूस मी होतो, आणि मला वाचवायला एका बाईनं आपलं अख्खं आयुष्य चुकीचं ठरवून घेतलं. जिला आसपासच्या गावांत कुणी बटाट्यातलं शिकवू शकत नाही, तिनं आपल्या तोंडानं सांगितलं की मला शेती कळत नाही.

निघताना तिनं मला एक पिशवी दिली. “बांधाकडची ओळ काल काढली. पोरीला दे.”

घरी येऊन पिशवी ओट्यावर ओतली. माती लागलेले, मध्यम आकाराचे बटाटे. मी एक उचलला, शर्टाला पुसला आणि अंगठा दाबून घासला. साल हलली नाही. दुसरा घेतला. तिसरा. एकाचीही साल हलली नाही. बायको विचारत होती, काय करताय. मी किसणीवर काप केले आणि कढईत तेल तापत ठेवलं. तेच रान, तेच बियाणं, तोच हात, फक्त अंगठ्याचं ऐकून थांबलेली ओळ.

काप फिकट आले. आमच्या गेटवरच्या कुठल्याही तक्त्यावर सगळ्यात वर बसतील इतके फिकट. मुलीनं ताटलीभर खाल्ले आणि म्हणाली, बाबा, पाकिटातल्यापेक्षा छान झालेत. मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो, की ती ताटली टाकून आत पळाली.

अजून मी त्याच कंपनीत आहे. गावांतून गेटकडे येताना अक्काच्या रानात पडलेल्या लेआउटवरून रस्ता जातो. विहीर बुजवली आहे, पांढरे दगड रोवले आहेत. नवीन शेतकऱ्यांना मी काढणीची तारीख सांगतो तेव्हा त्यांच्यातला एखादा म्हातारा वाकून बटाटा काढतो, अंगठ्यानं घासतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मी त्याला थांबा म्हणतो. सरांचा फोन आला तरी थांबा म्हणतो. आता म्हणतो.